दांडीच्या बाई आणि पान एक्केचाळीस

छापील अक्षरावर दांडीच्या बाईंइतका अविश्वास ठेवणारं माणूस डहाणूपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरं झालेलं नाही, आणि गंमत अशी की बाईंचं पोट त्या छापील अक्षरावरच चालत होतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्याशा कंपनीत त्या मराठी टायपिस्ट होत्या. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव होतं, पण ते तोंडाने उच्चारायचं धाडस मालकांनीही कधी केलं नाही. त्या जवळच्याच दांडी गावाहून यायच्या, म्हणून दांडीच्या बाई. ठेंगण्या, सावळ्या, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, चष्म्याची एक काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. समोरून सतत खारा वारा येत असल्यासारख्या थोड्या पुढे झुकून चालायच्या. मासा घेताना जाणकार जसा कल्ला उचलून आतला रंग बघतो, तसा हातात आलेल्या प्रत्येक कागदाचा कोपरा उचलून बाई त्याच्याकडे बघायच्या. तेवढ्यात कागदाला घाम फुटत असावा. मला तरी फुटायचा.

बाहेरच्या जगातही त्यांना स्वस्थता नव्हती. वसाहतीच्या नाक्यावर एका हॉटेलाने 'गरम जेवण सतत तयार' अशी पाटी लावली. बाई दुपारी चार वाजता आत गेल्या आणि जेवण मागितलं. पोऱ्याने भजी आहेत म्हणून सांगितलं. बाईंनी भजी खाल्ली नाहीत, भांडणही केलं नाही. रोज चार वाजता जाऊन त्या तेवढंच विचारायच्या. सहाव्या दिवशी हॉटेलवाल्याने पाटीवरचा 'सतत' रंगवून बुजवला. आमच्या एका फिटरच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत 'आपल्या उपस्थितीनेच कार्यास शोभा येईल' असं छापलं होतं. ती पत्रिका बाईंनी माझ्यासमोर धरली आणि खरोखरच काळजीच्या सुरात म्हणाल्या, "सगळ्यांना असंच लिवलंय. म्हंजे मी गेले नाय तर पोरीचं लग्न बिनशोभेचं?" त्या गेल्या मात्र. मुहूर्ताच्या आधी अर्धा तास हजर होत्या, कारण पत्रिकेतली वेळ खरी आहे का ते त्यांना बघायचं होतं. त्यांची थोरली बहीण बाजाराच्या दिवशी बोईसरला सुके बोंबील घेऊन बसायची. सुट्टी असली की बाई तिच्या मदतीला जायच्या, आणि ही मदत टाळण्यासाठी बहीण देवाला नवस बोलायची म्हणतात. एकदा एका गिऱ्हाइकाने "बोंबील ताजे आहेत ना?" असं विचारलं. बहीण तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "ताजे असते तर सुके कसे झाले असते? पावसाच्या आधीचे हायत." गिऱ्हाईक गेलं. बहिणीने बाईंना घरी पाठवलं.

आता ह्या बाईंच्या तावडीत मी कसा सापडलो ते सांगतो. मी केळव्याजवळच्या माहीमचा. आमची पानवेलींची वाडी आहे. घरातल्या सगळ्यांना वेलीला पाणी किती द्यावं ते कळतं. मला तेवढं सोडून बाकी सगळं कळतं असा माझा त्या काळी समज होता. मराठी घेऊन मी बी.ए. झालो होतो. दोन दिवाळी अंकांत माझी एकेक कविता आली होती आणि ते दोन्ही अंक बंद पडले होते. दोन्ही गोष्टींचा संबंध मी जोडत नसे, माझे मित्र जोडत. अशा ह्या साहित्यिकाला आमच्या मालकांनी नोकरी दिली. मालक ध्येयवादी होते. आमची कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांवर हुकमत ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या बनवायची. पेटीच्या पोटात सूचनांची एक लांबलचक यादी, म्हणजे प्रोग्रॅम, असायचा. हे गरम कर, ते थांबव, अमुक व्हॉल्व्ह उघड. त्या यादीत चूक राहिली की यंत्र वेड्यासारखं वागायचं. ती चूक नेमकी कुठे आहे हे हुडकायला आमच्या इंजिनिअरांनी आणखी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो कॉम्प्युटरवर चालवायचा आणि वायरने पेटीला जोडायचा. मग तो पेटीतल्या सूचना एकेक करून चालवायचा, सांगाल तिथे थांबायचा आणि आत काय शिजतंय ते पडद्यावर दाखवायचा. इंजिनिअर त्याला डीबगर म्हणत. बग म्हणजे ढेकूण एवढं कळल्यावर कामगारांनी त्याचं 'ढेकूणमार' असं बारसं केलं. कारखान्यातल्या ऑपरेटरला इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही, म्हणून ह्या ढेकूणमाराची माहितीपुस्तिका शुद्ध मराठीत असली पाहिजे असं मालकांनी ठरवलं आणि ते शुद्ध मराठी म्हणजे मी.

मी पहिलं प्रकरण आठ दिवसांत लिहिलं आणि टाइप करायला बाईंकडे दिलं. आयुष्यातला पहिला गद्यग्रंथ होता तो. 'यंत्राच्या अंतरंगातील गूढ दोषांचा वेध घेणारे हे साधन' अशी सुरुवात होती. इंजिनिअर ज्याला ब्रेकपॉइंट म्हणत, म्हणजे प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण, तिला मी 'विरामबिंदू' हा शब्द घडवला होता. एखाद्या आकड्यावर लक्ष ठेवायचं असेल तर 'निरीक्षणाधीन चलराशी'. हा शब्द सुचला त्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन दुसरं काही काम केलं नव्हतं. दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात माझं हस्तलिखित, कोपऱ्यात धरलेलं.

"लेखक," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून त्या मला लेखक म्हणायच्या आणि त्यात थट्टा किती नि आदर किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "हे तुमी करून बघितलंय?"

"काय?"

"हेच. 'अल्पावधीतच पडद्यावर माहिती प्रकट होते.' अल्पावधी म्हंजे किती?"

"म्हणजे... थोडा वेळ."

"थोडा म्हंजे? शिंक येईल एवढा, का चा उकळेल एवढा?"

मला माहीत नव्हतं. मी ते यंत्र चालू झालेलं पाहिलंच नव्हतं. इंजिनिअरांनी सांगितलं ते मी साहित्यात आणलं होतं. बाई सरळ कॉम्प्युटरच्या खोलीकडे गेल्या. त्या खोलीला वातानुकूलन होतं आणि देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागत. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला, माझे कागद डाव्या हाताला ठेवले, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि लिहिलंय तेच, लिहिलंय तेवढंच करायला सुरुवात केली. संध्याकाळी पान टाइप होऊन आलं. 'अल्पावधी' नाहीशी झाली होती. तिथे होतं: 'अकरा आकडे मोजा. तरी काही दिसलं नाही तर वायर बघा.' विरामबिंदूचा 'थांबा' झाला होता. "यष्टीचा असतो तसा," त्या म्हणाल्या. "कुठं थांबायचं ते सगळ्यांना कळतं." निरीक्षणाधीन चलराशीची 'पाळत' झाली होती. मी मालकांकडे तक्रार घेऊन गेलो. मालकांनी दोन्ही पानं वाचली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि बाईंचं पान ठेवून घेतलं.

तेव्हापासून प्रत्येक पान आधी बाई करून बघायच्या आणि मगच त्याचं स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कोरलेला मेणकागद, प्रती काढायला सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढायचं. करून बघितलेल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्या लोखंडी लेखणीने बारीकसा 'त' कोरायच्या. त म्हणजे तपासलं. पुस्तिका शिवलेली नव्हती. कड्यांच्या फायलीत सुटी पानं असायची, कारण आमचे इंजिनिअर दर दोनेक महिन्यांनी ढेकूणमारात काहीतरी सुधारणा करायचे आणि सुधारणा झाली की आमची दहा-वीस पानं खोटी पडायची. मग बाई पुन्हा आत जाऊन बसायच्या. खरं म्हणजे प्रोग्रॅममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्यांना मुळीच राग आला नाही. "नाय कळत म्हणून तर मी बसते," त्या म्हणाल्या. "ज्याला कळतं तो पान वाचतच नाय. वाचल्यासारखं करतो."

आमचे मुख्य इंजिनिअर दाढीवाले आणि फार हुशार होते, पण बाई खोलीत शिरल्या की त्यांना पाणी प्यावंसं वाटायचं. पुस्तिकेत लिहिलं होतं की एका वेळी आठ थांबे लावता येतात. बाईंनी आठ लावायला घेतले. सातव्याला ढेकूणमार गप्प झाला आणि पडदा काळा पडला. त्यांनी जाऊन तसं सांगितलं.

"आठ थांबे कोण लावतं, बाई?" दाढीवाले म्हणाले.

"पुस्तकात आठ लिवलंय."

"मग सहा लिहा."

"लिवते. पण मंग तुमचा ढेकूणमार सहाचा झाला. पुस्तक चुकलं का यंत्र चुकलं, ते तुमीच ठरवा. मी दोनी नाय टाइप करायची."

दाढीवाले चार दिवस दार लावून बसले. आठवा थांबा लागायला लागला. दोष शोधणाऱ्या प्रोग्रॅममधला दोष एका मराठी टायपिस्टने शोधला, ह्यावर त्यांनी महिनाभर कोणाशी विनोद केला नाही.

बाई वर्षातून एकच मोठी रजा घ्यायच्या, होळीची. दांडीची होळी म्हणजे कोळीवाड्याचा सगळ्यात मोठा सण. होड्या किनाऱ्याला, माणसं नाचायला. त्या वर्षी नेमका होळीच्या तोंडावर ढेकूणमाराचा नवा अवतार तयार झाला. जवळजवळ अर्धी पुस्तिका बदलायची होती. बाईंनी जाण्याआधी जमतील तेवढी पानं तपासली. नऊ राहिली. त्यांची स्टेन्सिलं टाइप करून माझ्या टेबलावर ठेवली आणि बजावलं, "ह्यांना त नाय लावलेला. मी आल्यावर बघते. तोवर बाहेर काढू नका." त्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मालकांनी फर्मान काढलं, शनिवारी सगळ्या कारखान्यांना नवी पुस्तिका पोचली पाहिजे.

मला ती नऊ पानं करून बघता आली असती. दीड दिवस हातात होता. पण त्या शनिवारी पालघरला कविसंमेलन होतं आणि त्यात मी होतो. तो दीड दिवस मी आरशासमोर 'हे सागरा' कितव्या पट्टीत म्हणावं ह्याचा अभ्यास केला. शुक्रवारी दुपारी ती नऊ पानं नुसती वाचली. पान एक्केचाळीसवर 'बाहेर पडणे' हा भाग होता. 'काम झालं की क्यू ही कळ दाबून बाहेर पडा. यंत्र पहिल्यासारखं चालू राहील.' मी मनाशी म्हटलं, आत काय वाटेल ते बदललं असेल, दार कशाला बदलतील? आणि लोखंडी लेखणी उचलून मी नऊच्या नऊ पानांवर त कोरला. बाईंच्या वळणाचा. तो इतका हुबेहूब आला की मला माझं कौतुक वाटलं. कविसंमेलनात माझ्या कवितेला टाळ्या पडल्या. पुढचा कवी मंचावर येत होता, त्या त्याच्या होत्या हे नंतर कळलं.

मंगळवारी तारापूर रस्त्यावरच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून फोन आला. तिथे घिवली गावचे एक ऑपरेटर होते. पन्नाशीचे, नववी शिकलेले, रंगाच्या हौदाचं तापमान सांभाळणारे. हौद थोडा जास्त तापतोय असा त्यांना संशय आला, म्हणून त्यांनी ढेकूणमार जोडला, थांबा लावला, तापमान बघितलं, आणि नव्या पुस्तिकेतल्या पान एक्केचाळीसप्रमाणे क्यू दाबून बाहेर पडले. नव्या अवतारात दार बदललं होतं. आधी 'चालू कर' अशी आज्ञा देऊनच बाहेर पडायचं होतं. नुसतं बाहेर पडलं की पेटी लावलेल्या थांब्यावर तशीच उभी राहायची. हीटर चालू होता, आणि तो बंद करायची सूचना यादीत त्या थांब्याच्या पुढे होती. सबंध हौदातलं कापड करपलं. मॅनेजरने ऑपरेटरला, उद्यापासून कामावर येऊ नका, म्हणून सांगितलं. आमच्या मालकांनी फोनवर इतकंच म्हटलं की कदाचित त्या माणसाने भलतीच कळ दाबली असेल. मी शेजारीच उभा होतो. मी मान डोलावली. आज ते लिहायलाही नको वाटतं, पण मी मान डोलावली.

बुधवारी बाई आल्या. कपाळावर होळीचा गुलाल अजून थोडा होता. हकिगत त्यांना फाटकावरच कळली असावी. त्यांनी फाइलीतून पान एक्केचाळीस काढलं, कोपऱ्यात धरलं, बराच वेळ बघितलं.

"हा त कोणाचा?"

"छपाईत... आला असेल," मी म्हणालो.

"आपोआप?"

 त्या चपला काढून आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या. "यंत्र थांबूनच ऱ्हातंय," एवढंच म्हणाल्या. मला त्यांनी ओरडावं, चारचौघांत बोलावं असं फार वाटत होतं. बोलून घेतलं की माणूस मोकळा होतो. त्यांनी ती सवलत दिली नाही. पिशवी घेतली, त्यात ते पान घातलं आणि म्हणाल्या, "चला, लेखक."

"मालकांना विचारायला हवं," मी म्हटलं. मालक थांबवतील अशी माझी खात्री होती.

"सांगते ना." त्यांनी मालकांच्या दारातून डोकं आत घातलं. "साहेब, पान चुकलंय, सांगून येतो." आणि त्याचा अर्थ मालकांच्या ध्यानात येईपर्यंत आम्ही रस्त्यावर होतो.

रिक्षात त्या पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसल्या. मी मात्र मनातल्या मनात बरीच भाषणं केली. बाई सगळं सांभाळून घेतील, पान त्यांनी टाइप केलंय, त्याच काहीतरी सांगतील, आपण गंभीर चेहऱ्याने शेजारी उभं राहायचं, असा माझा बेत होता. कारखान्याच्या बाकावर घिवलीचे ऑपरेटर बसलेले होते. कामावर येऊ नका म्हटलं तरी सवयीने आलेले. त्यांनी बाईंकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "बाय, मी पुस्तकातलंच केलं. कोण मानत नाय." बाई म्हणाल्या, "मी मानते. बसा जरा, दादा."

मॅनेजर हिंदी बोलणारे होते. वैतागलेले. "बाई, आपको मशीन का क्या मालूम?"

"मशीन का नाय मालूम," बाई म्हणाल्या. "पान का मालूम है. पान में गलती है."

"पान? कौन सा पान?" मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. मी माहीमचा, पानवेलीवाल्याचा मुलगा, एरवी मला हसू आलं असतं.

बाईंनी पिशवीतून एक्केचाळीस काढून टेबलावर ठेवलं. "ये लिखा है ना, यंत्र चालू रहेगा? नाय रहता. झूट है. आदमी ने बरोबर किया. किताब ने गलत किया."

मॅनेजरनी पान घेतलं, खाली कोपऱ्यात बोट ठेवलं. "और ये निशान? आप लोग तो बोलते हैं, ये निशान मतलब चेक किया हुआ. किसका है ये?"

बाई गप्प राहिल्या. हो, माझा, असं त्या म्हणाल्या असत्या तर सगळं तिथेच संपलं असतं, पण ते खोटं झालं असतं. ह्याचा आहे, म्हणून माझ्याकडे बोट दाखवणं खरं झालं असतं, पण तेही त्यांनी केलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत राहिल्या. पंखा फिरत होता. दारात ते ऑपरेटर येऊन उभे राहिले होते. मी आयुष्यात पुष्कळ शांतता अनुभवल्या आहेत, कविता वाचून झाल्यावरच्या तर फारच, पण इतकी लांब कुठलीच नव्हती.

"माझा," मी म्हणालो. आवाज निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणालो. मग हिंदीत म्हणालो. मग का कोण जाणे इंग्रजीतही म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं, कविसंमेलनासकट. मॅनेजरना ढेकूणमार कळला, थांबा कळला, फक्त कविसंमेलनासाठी कोणी पान न तपासता का पाठवील ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते त्यांनी दोनदा विचारलं.

घिवलीचे ऑपरेटर दुसऱ्या दिवसापासून कामावर रुजू झाले. आमच्या मालकांना त्या कारखान्याशी बरंच नमतं घ्यावं लागलं आणि आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला काढलं नाही, ह्याचं कारण बाईंनी मला सांगितलं. मालकांनी त्यांना विचारलं होतं, ह्याचं काय करू? बाई म्हणाल्या होत्या, "ठेवा. आता हा करून बघेल."

पण बाईंच्या लेखी प्रकरण मिटलं नव्हतं. ते खोटं पान अजून सगळीकडच्या फायलींत होतं. टपालाने दुरुस्ती पाठवू म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पाकीट कोण फोडतं?" तेव्हा आम्ही दोघांनी तीन आठवडे बोईसर, तारापूर, पालघर पालथं घातलं. प्रत्येक कारखान्यात जायचं, फाईल मागायची, कडी उघडायची, जुनं पान काढायचं, नवं घालायचं. पिशवी माझ्या खांद्यावर. माझ्या वाङ्मयाचं समाजात स्थान काय आहे हे मी त्या तीन आठवड्यांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एका ठिकाणी ते डुगडुगणाऱ्या टेबलफॅनखाली होतं. एका ठिकाणी चहाच्या किटलीखाली, आणि साहेब म्हणाले, "फार उपयोग होतो हो." एका कारखान्यात काचेच्या कपाटात कुलूपबंद होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो वापीला नोकरीला गेला होता. बाईंनी कपाटाच्या फटीतून पान आत सरकवलं आणि काचेवर चिठ्ठी चिकटवली. पुष्कळ ठिकाणी तर पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी उघडलंच नव्हतं. बाईंना त्याचं दुःख नव्हतं. "उघडेल तेवा खरं दिसलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

सगळ्यात शेवटी आम्ही त्या कापडाच्या कारखान्यात गेलो. ऑपरेटरदादांनी आपली फाईल आणून दिली. ती काळी झाली होती, निळी, लाल, पिवळी झाली होती, पानापानावर रंगाचे अंगठे होते. आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. एखादा माझा दिमाखदार शब्द बाईंच्या नजरेतून सुटून राहिला होता, त्यापुढे कंस करून अर्थ दिला होता. 'तदनंतर' ह्यापुढे 'मंग'. एके ठिकाणी 'इथं हात पुसून घ्या, कळ चिकटते'. एके ठिकाणी 'हे वाक्य दोनदा वाचा. पहिल्यांदा उलटं कळतं'. दादा ओशाळले. "खराब केलं मी पुस्तक."

बाई खुर्चीवर बसल्या. चष्मा सारखा केला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. पंधरा वर्षं कागदाचा कोपरा धरणाऱ्या ह्या बाईंनी ती फाईल दोन्ही हातांनी धरली होती. मग म्हणाल्या, "दादा, ही मना चार दिस देता?" त्या फाइलीवरून बाईंनी पुढची आवृत्ती टाइप केली. समासातलं सगळं आत आलं, आणि माझं आतलं बरंचसं गळालं, ते समासातही उरलं नाही. माझं म्हणून त्यात एक वाक्य शिल्लक होतं, 'प्रथम विद्युतपुरवठा सुरू करावा'. ते मी स्वतः जाऊन त्यांना 'आधी बटण चालू करा' असं करायला सांगितलं. त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते.

त्यानंतर सात-आठ वर्षं आम्ही ते पुस्तक सांभाळलं. मी चपला काढून आत बसायला शिकलो. मग परदेशी पेट्या आल्या, त्यांचे प्रोग्रॅम आले, मदत हवी तर ती पडद्यावरच इंग्रजीत उमटायला लागली. मालकांनी पुष्कळ दिवस रेटलं, मग पेट्या बनवणंच बंद केलं आणि दुसऱ्यांच्या पेट्या विकायला सुरुवात केली. मराठी पुस्तिकेची गरज उरली नाही. बाई वयाप्रमाणे निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात मी भाषण केलं, लहानसं. त्यांनी नारळ घेतला, शाल घडी करून पिशवीत घातली आणि रोजच्याच वेळेला निघाल्या.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. दांडीला पोचलो तोवर दिवसकार्यंही होऊन गेली होती. थोरली बहीण होती, बाईंचा एक पुतण्या होता, चांगला प्रौढ, स्वतःची बोट असलेला. ओट्यावर बसवलं, चहा दिला. समोर काठ्यांवर बोंबील वाळत होते. इकडतिकडच्या चार गोष्टी झाल्यावर पुतण्याने संकोचत विचारलं, "साहेब, काकी तिथं नेमकं काय करायची? टाइप करायची एवढंच आमाला माहीत. पण घिवलीचे एक म्हातारे आलते माती द्यायला. कोण ओळखत नव्हतं. मागं उभे ऱ्हायले, रडले नि गेले. आमी ईचारलं तर म्हणाले, पुस्तकवाल्या बाय होत्या."

मी सांगायला लागलो. पेटी सांगितली, सूचनांची यादी सांगितली, ढेकूणमार सांगितला. मध्येच लक्षात आलं की त्यांना काही कळत नाहीये, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोकांना समजेल असं लिहिण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला, आणि त्या ओट्यावर अर्धा तास बोलूनही मला दांडीच्या बाई काय करत होत्या हे सांगता आलं नाही. शेवटी मी कपातला चहा संपवला. पुतण्या भला माणूस, त्याने मान डोलावली.

थोरली बहीण इतका वेळ पदराच्या शेवाने माश्या वारत ऐकत होती. ती म्हणाली, "मोठं काम होतं मंग."

"होतं," मी म्हणालो.

"घरी कदी बोलली नाय ती," ती म्हणाली, आणि माझा कप उचलून पुन्हा चहा भरायला आत गेली. मला दुसरा चहा नको होता. पण मी नाही म्हटलं नाही. होड्या परत येऊ लागल्या होत्या, आणि मला तिथून इतक्यात उठावंसं वाटत नव्हतं.